निर्णय पात्राचा, किंमत कोण मोजतं? जेनवे, सिस्को, लोंडो, गेटा

ध्रुवतारा

(रहस्यभेद भरपूर आहेत. 'व्हॉयेजर', 'डीप स्पेस नाइन', 'बॅबिलॉन ५', 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' आणि 'द एक्सपान्स' या अवकाशावरच्या टीव्ही मालिका बघायच्या राहिल्या असतील तर जपून वाचा.)

एखादं पात्र भयंकर निर्णय घेतं. त्यानंतर मालिका त्याला त्या निर्णयासकट जगायला लावते, की पुढच्या भागात पाटी कोरी करते? पात्र माझ्या मनात किती टिकतं हे मला वाटतं इथेच ठरतं. निर्णय योग्य होता का, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो.

'स्टार ट्रेक' घराण्यातल्या 'व्हॉयेजर'चा 'टुव्हिक्स' (१९९६) हा भाग घ्या. जहाजावरचे टुव्हॉक आणि नीलिक्स एका ग्रहावरून ऑर्किडचे नमुने घेऊन, माणसं क्षणात इकडून तिकडे पाठवणाऱ्या ट्रान्सपोर्टरमधून परत येतात आणि दोघांऐवजी एकच माणूस अवतरतो. दोघांच्या आठवणी, दोघांची कौशल्यं, पण स्वभाव तिसराच. तो जहाजावर रुळतो, लोकांना आवडू लागतो. मग डॉक्टरला दोघांना वेगळं करायची रीत सापडते आणि टुव्हिक्स सांगतो, मला मरायचं नाही. ब्रिजवर तो एकेकाकडे आशेने बघतो आणि सगळे मान वळवतात. डॉक्टर स्पष्ट नकार देतो, कारण रुग्णाच्या इच्छेविरुद्ध त्याचा जीव घेणं त्याच्या धर्मात बसत नाही. कॅप्टन जेनवे मग ते काम स्वतःच्या हाताने करते.

इथपर्यंत हा भाग मला अप्रतिम वाटतो. पण पुढच्या भागात टुव्हॉक आपल्या जागेवर, नीलिक्स स्वयंपाकघरात, आणि कॅप्टनच्या कपाळावर एक आठीही नाही.

आता त्याच घराण्यातल्या 'डीप स्पेस नाइन'चा 'इन द पेल मूनलाइट' (१९९८) आठवा. डोमिनियन या शत्रुसाम्राज्याविरुद्धचं युद्ध हरत चाललंय, दर शुक्रवारी मृतांच्या याद्या लागतायत, आणि तटस्थ राहिलेल्या रोम्युलनांना युद्धात ओढण्यासाठी स्थानकाचा प्रमुख सिस्को खोटा पुरावा तयार करवतो. खोटेपणा उघडा पडतो तेव्हा त्याचा साथीदार गॅरक रोम्युलन सेनेटर व्रीनाकचं यान उडवून देतो. सिस्को ही सगळी कहाणी आपल्या नोंदवहीत बोलतो, याच्यासह जगता येईल असं स्वतःला पटवतो आणि नोंद पुसून टाकतो.

मला सिस्को जेनवेपेक्षा कितीतरी मोठं पात्र वाटतो. तुम्हाला?

लघुग्रह

जेनवेवर अन्याय होतोय. टुव्हॉकला घरी बायको आणि चार मुलं आहेत. नीलिक्सची प्रेयसी, केस नावाची, त्याच्यासाठी रडत कॅप्टनकडे येते. हे दोघे स्वतःची बाजू मांडू शकत नव्हते, कारण बाजू मांडायला ते उरलेच नव्हते. ज्याला तोंड आहे त्याचंच ऐकायचं का? कॅप्टनचं काम गप्प पडलेल्यांच्या वतीने बोलण्याचंही असतं. तिने ते केलं, आणि घाणेरडं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारलं नाही.

आणि सिस्कोने नक्की कोणती किंमत मोजली ते मला सांगा. 'इन द पेल मूनलाइट'च्या पुढचाच भाग 'हिज वे'. त्यात स्थानकाचा सुरक्षाप्रमुख ओडो याला प्रेम व्यक्त करायला शिकवणारा होलोग्राम गायक आहे. सिस्कोच्या कपाळावर तरी कुठे आठी आहे? कोरी पाटी तिथेही आहे. फक्त चंद्रप्रकाशात ती जास्त देखणी दिसते.

शून्यगुरुत्व

लघुग्रह, हा मुद्दा भारी आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं.

पण आधी एक व्यावहारिक गोष्ट. नव्वदच्या दशकात एका वर्षात साधारण २६ भाग निघायचे, आणि पुनःप्रक्षेपणात ते कुठल्याही क्रमाने लागले तरी नव्या प्रेक्षकाला कळावेत अशी अपेक्षा असायची. त्यामुळे भाग संपताना जहाज होतं तिथे परत आणून ठेवायचं, हा नियमच होता. 'व्हॉयेजर'वर तो जाचक वाटतो, कारण तिची कल्पनाच उलटी आहे: एकटं जहाज, घर ७० हजार प्रकाशवर्षं दूर, दुरुस्तीला गोदी नाही. अशा जहाजावर प्रत्येक ओरखडा दिसायला हवा. 'इयर ऑफ हेल' (१९९७) या जोडभागात तो दिसला, जहाज अक्षरशः चिंध्या झालं, आणि शेवटी काळ मागे फिरवून सगळं पुसलं गेलं. मला आजही त्या शेवटाचं वाईट वाटतं.

'डीप स्पेस नाइन' स्थानक होतं, ते कुठे निघून जाऊ शकत नव्हतं. आज ज्याला दुखावलंत तो उद्या त्याच चौकात भेटणार. त्यामुळे मालिकेचा सूत्रधार आयरा स्टीव्हन बेअर आणि त्याच्या लेखकांना सलग कथा रेटता आली. सहाव्या पर्वाची सुरुवात त्यांनी सहा भागांच्या सलग युद्धकथेने केली, त्या काळात हे धाडसच होतं.

आता सिस्को. किंमत फक्त चेहऱ्यावर शोधू नका. रोम्युलन त्या भागानंतर युद्धात उतरतात आणि शेवटच्या लढाईपर्यंत राहतात. म्हणजे तो खोटेपणा पुढच्या प्रत्येक भागाच्या पायात आहे. ज्या आघाडीमुळे युद्ध जिंकलं जातं तिच्या मुळाशी एक खून आहे, आणि हे सिस्को, गॅरक आणि आपण एवढ्यांनाच माहीत आहे. टुव्हिक्सच्या मृत्यूने मात्र व्हॉयेजरच्या जगात काहीच बदललं नाही.

रात्रप्रहर

तुम्ही तिघं स्टार ट्रेकमध्येच अडकलात. निर्णयाची किंमत हा विषय असेल तर लोंडो मोलारीच्या नावाशिवाय तो पुरा होत नाही.

'बॅबिलॉन ५' सुरू होते तेव्हा लोंडो हा सेंटॉरी लोकांच्या मावळत्या साम्राज्याचा, जुगारात आणि दारूत बुडालेला राजदूत आहे. लोक त्याच्यावर हसतात. मॉर्डन नावाचा एका गूढ शक्तीचा हस्तक येऊन विचारतो, तुला काय हवंय? लोंडो आधी टाळतो आणि मग फुटतो: पूर्वीचं वैभव परत हवं, सगळं होतं तसं हवं. एका दुखावलेल्या म्हाताऱ्याचा उसासा आहे तो, पण ऐकणाऱ्याने तो मागणी म्हणून टिपून घेतला.

मग 'द कमिंग ऑफ शॅडोज' (१९९५). या भागाला १९९६ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि तो शंभर टक्के योग्य होता. वृद्ध सेंटॉरी सम्राट आपल्या जुन्या वैऱ्यांची, नार्न लोकांची माफी मागायला स्थानकावर येतो. नार्न राजदूत जी'कार त्याला मारायच्या तयारीत असतो, पण सम्राट आधीच कोसळतो आणि त्याचा माफीचा निरोप डॉक्टर फ्रँकलिनमार्फत जी'कारला मिळतो. जी'कार हरखतो, आयुष्यात पहिल्यांदा लोंडोला शोधत जातो आणि त्याच्यासाठी पेय मागवतो. लोंडो पेला हातात घेऊन बसलाय, आणि त्याला माहीत आहे की त्याच्याच शब्दावर नार्न वसाहतीचा विध्वंस होऊन गेलाय. जी'कारला अजून कळलेलं नाही. त्या टेबलावर लोंडो साकारणाऱ्या पीटर जुरासिकचा चेहरा बघा. संवाद जी'कारचे आहेत, दृश्य लोंडोचं आहे.

मरताना सम्राट लोंडोच्या कानात काहीतरी पुटपुटतो. दरबाराला लोंडो सांगतो की सम्राटाने आपल्याला वैभवाच्या वाटेवर पुढे जायला सांगितलं. खरे शब्द तो फक्त आपला कटातला साथीदार लॉर्ड रीफा याला सांगतो: तुम्ही दोघेही शापित आहात. म्हणजे निकाल त्याला दुसऱ्याच पर्वात कळलाय! त्यानंतर तो चालत राहतो, कारण परतीच्या प्रत्येक दारावर त्याला अभिमान आडवा येतो. नार्न ग्रहावर उल्का फेकून शहरं सपाट केली जातात तेव्हा तो यानाच्या खिडकीशी उभा राहून बघतो, आणि तिथे त्याला खलनायक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शेवटच्या पर्वात जी'कार त्याला सांगतो की माझे लोक तुझ्या लोकांना कधीच क्षमा करणार नाहीत, पण मी तुला करू शकतो. साध्या मालिकेने इथे त्याची सुटका केली असती. इथे क्षमा मिळते आणि तरी किंमत चुकत नाही. लोंडो सम्राट होतो तो खांद्यावर दुसऱ्याच्या ताब्यातला जीव बसवून घेऊन, आपल्या लोकांना वाचवण्यासाठी. सगळं परत हवं म्हणणाऱ्याला सिंहासन मिळालं, पण मर्जीने एक वाक्य बोलायची मुभा गेली.

जुनी दुर्बीण

रात्रप्रहर, सुंदर लिहिलंत. त्यात पहिल्या पर्वातलं स्वप्नही जोडा. लोंडो अगदी सुरुवातीलाच सांगतो की वीस वर्षांनी तो आणि जी'कार एकमेकांचा गळा आवळून मरणार. आपण ते वैराचं भाकीत समजतो. प्रत्यक्ष प्रसंग येतो तेव्हा कळतं की लोंडो स्वतःच जी'कारला ते करायला सांगतोय, आणि मागे मैत्री आहे. स्वप्न तंतोतंत खरं ठरतं, अर्थ मात्र पूर्ण उलटतो.

हे जमलं कारण मालिकेचा जनक जे. मायकल स्ट्रॅझिन्स्कीने पाच वर्षांची कथा आधी आखली होती. ११० पैकी ९२ भाग त्याने स्वतः लिहिले. माझा ठाम विश्वास आहे की किंमत वसूल करायची असेल तर लेखकाला शेवट माहीत हवा. 'गॅलॅक्टिका'च्या सुरुवातीच्या पर्वांत भागाआधी लिहून यायचं की सायलॉनांकडे, म्हणजे माणसांच्या मुळावर उठलेल्या यंत्रमानवांकडे, योजना आहे. योजना कुणाकडेच नव्हती. माणसांत लपलेले शेवटचे पाच सायलॉन कोण, हे तिसरं पर्व लिहितानाच ठरलं. आणि लढाऊ वैमानिक कारा थ्रेस? 'मेलस्ट्रॉम'मध्ये (२००७) तिचा मृत्यू होतो, पर्वाच्या शेवटी ती परत येते, पुढे पृथ्वीवर तिला स्वतःचंच प्रेत सापडतं, आणि २००९ च्या शेवटच्या भागात ती माळरानावर बोलता बोलता नाहीशी होते. केटी सॅकऑफने इतकं जीव ओतून उभं केलेलं पात्र असं हवेत विरतं, तेव्हा मला फसवल्यासारखं वाटतं.

उल्का

काराच्या बाबतीत वाद घालणार नाही, ती जखम मलाही आहे. पण शेवट माहीत असायलाच हवा, हे मान्य नाही. त्याच 'गॅलॅक्टिका'तला, जहाजावरचा अधिकारी फेलिक्स गेटा बघा. न आखता लिहिलेला माणूस, आणि माझ्या मते या सगळ्या मालिकांमधला सर्वांत काटेकोर हिशेब त्याचा आहे.

दुसऱ्या पर्वाच्या शेवटी राष्ट्राध्यक्ष रोझलिनच्या बाजूची माणसं निवडणुकीत मतपत्रिकांची फेरफार करतात. ती पकडतो गेटा. सेनापती अडामा रोझलिनला समजावतो, ती माघार घेते, तिचा प्रतिस्पर्धी बॉल्टार जिंकतो. लोक न्यू कॅप्रिका या ग्रहावर उतरतात आणि सायलॉन त्यांना पकडतात. म्हणजे एका प्रामाणिक माणसाने खरं सांगितलं आणि त्यातून गुलामगिरी आली. लघुग्रह, इथे सिस्को असता तर? त्याने निवडणूक चोरू दिली असती, आणि हजारो जीव वाचले असते. मला हा प्रश्न फार अस्वस्थ करतो, कारण मालिका त्याचं उत्तर देत नाही.

पुढे गेटा बॉल्टारच्या कार्यालयात काम करतो आणि गुपचूप बंडखोरांना माहिती पुरवतो. सुटका झाल्यावर त्याचेच लोक त्याला फितूर ठरवून हवाबंद दारातून अवकाशात फेकायला निघतात, तो थोडक्यात वाचतो. मग बॉल्टारच्या खटल्यात तो शपथेवर खोटं बोलतो. तोच गेटा, ज्याने मतपत्रिकांतला खोटेपणा सहन केला नव्हता! नंतर गोळी लागून पाय जातो. आणि शेवटी अडामा सायलॉनांशी हातमिळवणी करतो तेव्हा तो बंड करतो.

एकही पायरी अचानक येत नाही. प्रत्येक वेळी खरं बोलण्याची शिक्षा मिळालेला माणूस हळूहळू कुठे पोचतो ते आपण चार वर्षं बघत असतो. गोळीबार पथकासमोर त्याचा कापलेला पाय खाजायचा थांबतो आणि तो तेवढंच म्हणतो. मला त्याच्या बंडाचा राग येतो आणि त्याच्यासाठी रडूही येतं.

लघुग्रह

बंडात माणसं मेली. त्याबद्दल राग तेवढाच हवा. अडामाचा उपप्रमुख टाय याने न्यू कॅप्रिकावर आत्मघातकी हल्ले घडवले, स्वतःच्या बायकोला विष दिलं, तरी त्याला जागा परत मिळाली. गेटाला नाही. हे मालिकेला दिसतं का, की अडामाच्या मैत्रीपोटी आपणही टायला माफ करतो?

उल्का

दिसतं! तिसऱ्या पर्वाच्या शेवटी अडामाचा मुलगा ली याची साक्ष ऐका. बॉल्टारला दोषी का ठरवायचं, असं विचारत तो माफ झालेल्या सगळ्या गुन्ह्यांची यादी वाचतो. त्यात स्वतःचाही आहे: ऑलिम्पिक कॅरियर, हजाराहून अधिक माणसं असलेलं प्रवासी जहाज, जे त्याने पहिल्याच नियमित भागात, '३३'मध्ये, पाडलं होतं. त्या भागात दर ३३ मिनिटांनी सायलॉन येत असतात, पाच दिवस कुणी झोपलेलं नाही, आणि रोझलिनच्या फळ्यावर वाचलेल्यांचा आकडा ५०,२९८ वरून घसरत जातो. शेवटी ती ४७,९७३ लिहिते, त्यातला शेवटचा एक म्हणजे नुकतं जन्मलेलं बाळ. इतकं सगळं झाल्यावर दोनेक वर्षांनी ते जहाज कोर्टात परत येतं. मालिका विसरलेली नव्हती. 'व्हॉयेजर'ला हेच जमलं नाही, इतकंच ध्रुवतारा म्हणतोय.

आणि योगायोग नाही हा. रोनाल्ड डी. मूर 'डीप स्पेस नाइन'च्या लेखकांपैकी होता, 'व्हॉयेजर'वर १९९९ मध्ये थोडा काळ टिकला आणि नाराज होऊन बाहेर पडला. पुढे 'गॅलॅक्टिका' त्याचीच.

रात्रप्रहर

जुनी दुर्बीण, योजनेबद्दल एक विसरू नका. 'बॅबिलॉन ५'ची योजनाही वाटेत मोडली होती. पहिल्या पर्वानंतर स्थानकाचा प्रमुख सिंक्लेअर साकारणारा मायकल ओहेअर आजारपणामुळे मालिका सोडून गेला, नवा प्रमुख म्हणून शेरिडन आला. चौथ्या पर्वानंतर मालिका बंद पडणार अशी भीती होती, म्हणून सावल्यांचं युद्ध आणि पृथ्वीचं गृहयुद्ध एकाच पर्वात कोंबलं. शेवटचा भाग तेव्हाच चित्रित झाला होता, पाचवं पर्व मिळाल्यावर तो राखून ठेवला. आखलेला शेवट होता हे खरं, पण वाटेतले खड्डे स्ट्रॅझिन्स्कीने प्रत्येक पात्रासाठी ठेवलेल्या पळवाटांमुळे पार केले. पूर्ण आखणी आणि पूर्ण उत्स्फूर्तता, दोन्ही टोकं प्रत्यक्षात कुणाच्याच वाट्याला येत नाहीत.

शून्यगुरुत्व

'द एक्सपान्स'चं कुणी बोललंच नाही. तिथे किंमत लेखकाआधी भौतिकशास्त्र मागतं. संदेश प्रकाशाच्या वेगाने जातो, त्यामुळे माफी उशिरा पोचते. जोरात वेग वाढवला की माणसाच्या शिरा फुटू शकतात. नायक होल्डन रागाच्या भरात आपल्या कँटरबरी या मालवाहू जहाजाच्या विनाशाचा पुरावा सगळ्या सूर्यमालेला ऐकवतो आणि त्या एका प्रक्षेपणाने दंगली उसळतात. तो शब्द मागे घेऊ शकत नाही, आणि हे शिकायला त्याला पर्वं लागतात.

गुप्तहेर मिलर ड्रेसडेनला गोळी घालतो तो प्रसंगही इथे हवा. इरॉस या लघुग्रहावर एक लाख माणसांचा बळी देणारा शास्त्रज्ञ शांतपणे आपली बाजू मांडतोय आणि मिलर त्याला मधेच संपवतो. नंतर सांगतो, तो वेडा होता म्हणून मारलं नाही, त्याचं बोलणं पटायला लागलं होतं म्हणून मारलं. मला हे सिस्कोच्या नोंदवहीचं उलटं टोक वाटतं. सिस्को स्वतःला पटवत जातो, मिलर पटण्याआधीच दार बंद करतो.

होल्डनचा सोबती एमॉस याच्याबद्दल लिहायला बसलो तर वेगळा धागा लागेल.

पाणकावळा

पहिल्यांदाच लिहितेय. शांतपणे वाचत होते, पण एक भाग कुणाच्याच बोलण्यात आला नाही म्हणून राहवलं नाही. 'व्हॉयेजर'चाच 'लेटंट इमेज' (१९९९).

डॉक्टरला कळतं की त्याच्या आठवणींतले काही दिवस कुणीतरी पुसलेत. पुसणारी कॅप्टन जेनवे निघते. घडलं असं होतं की दोन जखमी एकाच वेळी आले, दोघांची वाचण्याची शक्यता सारखी, आणि वेळ एकालाच वाचवण्याइतका. डॉक्टरने जहाजावरच्या हॅरी किमला निवडलं, कारण तो मित्र होता. एन्साइन जेटल गेली. या एका निवडीने डॉक्टर आतून कोसळला, त्याच विचारात गरगरत राहिला, आणि जेनवेने त्याची ती आठवणच काढून टाकली. ध्रुवतारा ज्याला कोरी पाटी म्हणतोय, ती इथे कथेच्या आत आहे, आणि कॅप्टनच्या हातात आहे!

मग जहाजावरचीच सेव्हन ऑफ नाइन तिच्याशी वाद घालते आणि जेनवे निर्णय फिरवते. डॉक्टरला आठवणी परत मिळतात, आणि तो त्यातून जात असताना ती रात्रंदिवस त्याच्याजवळ बसते. 'व्हॉयेजर'ला किंमत म्हणजे काय ते कळत नव्हतं, असं यानंतर म्हणता येईल का?

लघुग्रह

पाणकावळा, अगदी. आणि लक्षात घ्या, हाच डॉक्टर टुव्हिक्सच्या वेळी नकार देणारा होता. मला वाटतं जेनवे त्याच्याजवळ बसते तेव्हा ती स्वतःच्या निर्णयाजवळही बसलेली असते. तिने कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, पण सगळ्याच सेनापतींना बोलून मोकळं होता येत नाही.

ध्रुवतारा

'लेटंट इमेज' मला खूप प्रिय आहे, आणि पाणकावळा, तू तो आणलास याचा आनंद झाला. डॉक्टर त्या भागानंतर मोठा होतो, कारण मालिकेने त्याला त्याच्या निवडीसकट जगायची परवानगी दिली.

पण लघुग्रह, जेनवे तिथे टुव्हिक्सबद्दल विचार करत होती, हे तू तिला देतोयस. मालिकेने नाही दिलं. संधी होत्या. 'इक्विनॉक्स' या भागात दुसऱ्या जहाजाच्या कॅप्टन रॅन्समची माणसं इंधनासाठी परके सजीव मारतात. जेनवे त्याच्यावर तुटून पडते, चौकशीत एका माणसाला मरणाच्या दारात उभं करते, तिचा उपप्रमुख चकोटे याला थांबवावं लागतं. रॅन्समने फक्त एवढं विचारायला हवं होतं: तुझ्या जहाजावर कधी कुणाचा जीव तुझ्या सोयीसाठी गेला का? त्या एका प्रश्नावर जेनवे सिस्कोच्या बरोबरीला आली असती, कदाचित पुढेही गेली असती, कारण तिच्याकडे पुसायला नोंद नव्हती, समोर टुव्हॉक उभा होता. रोज.

टुव्हिक्सचं नाव पुन्हा ठळकपणे निघालं ते २०२३ मध्ये, 'लोअर डेक्स' या दुसऱ्या स्टार ट्रेक मालिकेच्या चौथ्या पर्वाच्या पहिल्या भागात, म्हणजे २७ वर्षांनी आणि दुसऱ्याच जहाजावर. ती मालिका विनोदी आहे आणि मला आवडते, पण हे देणं 'व्हॉयेजर'चं होतं. टुव्हॉकला त्या दिवसांतलं काय आठवत होतं, हे मला टुव्हॉककडून ऐकायचं होतं.

उल्का, गेटाबद्दल पूर्ण सहमत. रोझलिनच्या निवडणुकीवर मात्र मी तुझ्या विरुद्ध आहे. तिने ती चोरायला नकोच होती, न्यू कॅप्रिका धरूनही. सिस्कोने रोम्युलनांना फसवलं, तिने स्वतःच्याच लोकांना फसवलं असतं, आणि ज्या लोकांसाठी ती तो फळा रोज पुसून लिहीत होती त्यांना मग फक्त आकडा करून ठेवलं असतं. यावर तुझं म्हणणं सविस्तर लिही, मी वाट बघतोय.